चढावर लोड असताना बंद पडणारं जुनं डिझेल पिकअप : पंप उतरवण्याआधी दोष कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००९ सालचं पिकअप, अडीच लिटरचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन, नोझलना दाबाने डिझेल देणारा पंप मेकॅनिकल, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नाही. हंगामात रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूरला जाताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलं की काही किलोमीटरांत गाडीची ओढ जाते, इंजिन वर-खाली होतं आणि बंद पडतं. अर्ध्या तासाने काहीच झालं नसल्यासारखं चालू होतं. रिकामी गाडी तोच घाट बिनतक्रार चढते. टाकी अर्ध्याखाली गेली की त्रास वाढतो. डिझेल फिल्टर दोनदा बदलला, एअर फिल्टर नवा घातला, नोझल तपासून झाले. आता मिस्त्री म्हणतात पंप उतरवू. उतरवावा का?

इतक्यात नको. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी बहुतेक सगळी पंपाच्या अलीकडची आहेत, म्हणजे टाकी ते पंप या वाटेतली. पंप खराब असू शकतो, पण तो सिद्ध करायला आधी अलीकडचं सगळं बाद करावं लागतं. शिवाय अधूनमधून येणाऱ्या दोषाचा मोठा धोका हा की पंप उघडून, किट घालून, बिल देऊन गाडी परत येते, चार फेऱ्या नीट चालते आणि पाचव्या फेरीला घाटात पुन्हा उभी राहते. तोवर पंपाचं कॅलिब्रेशनही हललेलं असतं आणि मूळ दोष कोणता, नवा कोणता हे कळेनासं होतं.

गॅरेजमध्ये हा दोष दिसत नाही याचं कारण साधं आहे. न्यूट्रलवर असलेलं हे इंजिन तासाला एक लिटरच्या आत-बाहेर डिझेल पितं. भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटरवर चढत असताना तेच इंजिन तासाला बारा-चौदा लिटर मागतं. वाटेत कुठेही अडथळा असेल तर तो पहिल्या स्थितीत जाणवतही नाही. जागेवर रेस देऊनही उपयोग नाही, कारण लोडशिवाय रेस दिली तरी इंजिन फारसं डिझेल घेत नाही. म्हणून चाचणी करायची ती माल भरून आणि चढावर. दुसरा इलाज नाही.

सर्वात आधी, गाडी बंद पडते त्या क्षणी काय काय घडतं ते नीट नोंदवा. घाटात गाडी थांबली की चालकाचा पहिला विचार मागून येणाऱ्या ट्रकचा असतो, म्हणून गाडी बाजूला घ्या, चाकाला उटी (दगड किंवा ठोकळा) लावा, त्रिकोण ठेवा आणि मग पुढच्या गोष्टी बघा. अर्धा तास थांबून गाडी चालू झाली की पुरावा गेला.

पहिली गोष्ट, इंजिन कसं बंद पडलं? किल्ली फिरवल्यासारखं खट्कन गेलं, की आधी दम गेला, हुंकारलं, आचके दिले आणि मग गेलं? खट्कन जाणारं इंजिन बहुतेक वेळा विजेच्या बाजूने जातं. मेकॅनिकल पंपाला चालायला करंट लागत नाही असं अनेकजण धरून चालतात, पण रोटरी प्रकारच्या पंपावर डिझेल कट-ऑफ सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) असतो आणि त्याला सतत १२ व्होल्ट मिळाले तरच तो डिझेल सोडतो. एक वायर सैल झाली की इंजिन बंद. तुमचं इंजिन मात्र हुंकारत, हळूहळू मरतं. ही डिझेल कमी पडण्याची किंवा हवा शिरण्याची खूण आहे.

दुसरी गोष्ट, धूर. ओढ जात असताना मागे बसलेल्या माणसाला सायलेन्सरकडे बघायला सांगा. काळा धूर असेल तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. पांढरट-करडा, डोळ्याला झोंबणारा धूर आणि आचके असतील तर डिझेलबरोबर हवा जातेय किंवा एखादा सिलेंडर जळत नाही. धूर जवळपास नाहीच आणि गाडीचा जीव गेलाय, तर इंजिन उपाशी आहे.

तिसरी गोष्ट, टाकीचं झाकण. गाडी बंद पडताच, एक मिनिटही न दवडता, झाकण उघडा आणि कान द्या. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि लगेच स्टार्टर मारल्यावर गाडी चालू झाली, तर झाकणाचं किंवा टाकीच्या ब्रीदर नळीचं छिद्र बुजलंय. डिझेल जातं पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत व्हॅक्यूम तयार होतो, आणि थांबल्यावर सावकाश हवा मुरली की गाडी चालू होते. जुन्या गाडीला बाजारातलं दुसरंच झाकण बसवलेलं असलं तर हे हमखास तपासा. पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट याच्या विरुद्ध जाते. ब्रीदर बंद असेल तर भरलेल्या टाकीत व्हॅक्यूम लवकर तयार व्हायला हवा, कारण वर मोकळी हवा थोडीच असते. तुमचा त्रास टाकी रिकामी होत जाते तसा वाढतो. हे लक्षण सक्शन पाइपकडे, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पाइपकडे, बोट दाखवतं.

चौथी गोष्ट सर्वात बोलकी आहे : हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढून लाइनमधली हवा काढायचा छोटा पंप. बंद पडलेल्या गाडीवर लगेच प्रायमर मारून बघा आणि हाताला काय लागतं ते लक्षात ठेवा. दांडा वर ओढताना जड जातो, सोडला की आपोआप खाली खेचला जातो, तर मागून डिझेल येत नाही, म्हणजे सक्शन बाजूला अडथळा आहे. दांडा पोकळ, हलका लागतो, दहा-वीस वेळा मारल्यावर मग घट्ट होतो आणि तेव्हाच गाडी चालू होते, तर लाइनमध्ये हवा होती. पहिल्याच दोन-तीन झटक्यांत नेहमीसारखा घट्ट लागला, तर डिझेल पंपाच्या दारात हजर आहे आणि दोष त्याच्या पुढे आहे. या चार निरीक्षणांना एक पैसाही लागत नाही.

आणखी एक बाब इथेच संपवतो. ओढ जाते म्हणजे इंजिनच दोषी असं नाही. इंजिनचा आवाज चढतोय पण गाडीचा वेग पडतोय, तर क्लच घसरतोय. चढ संपल्यावर एखाद्या चाकाचा ड्रम बाकीच्यांपेक्षा कितीतरी तापलेला असेल, तर ब्रेक धरून राहतोय. तुमचं इंजिन स्वतःच बंद पडतं, त्यामुळे या दोन्ही गोष्टी मुख्य कारण नसाव्यात, पण ब्रेक धरत असेल तर इंजिनवर जास्तीचा लोड येतो, तेवढं बघून घ्या.

आता कॅनची चाचणी. ही एक चाचणी वाटेचे दोन तुकडे करते, आणि माझ्या मते पंपाच्या कुठल्याही कामाआधी ती सक्तीची असायला हवी. दहा लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, झाकणाला दोन नळ्यांपुरती भोकं आणि हवेसाठी एक बारीक छिद्र पाडा. टाकीकडून येणारी नळी फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणाऱ्या छोट्या पंपाच्या) इनलेटवरून काढा आणि तिचं तोंड बंद करा. तिथे ८ मिमी आतला व्यास असलेली, डिझेलला चालणारी नवी रबरी नळी लावून ती कॅनच्या तळापर्यंत न्या. पंपाची रिटर्न नळीही (जादा डिझेल टाकीत परत नेणारी) कॅनमध्येच सोडा. ती जुन्या टाकीत जात राहिली तर वापरलं न गेलेलं डिझेलही तिकडेच जाईल आणि कॅन भलत्याच वेळी रिकामा होईल. कॅन हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात, केबिनच्या मागे दोरीने घट्ट बांधा. बॉनेटखाली ठेवू नका. नळी एक्झॉस्टपासून लांब आणि कुठे घासणार नाही अशी न्या. प्रायमरने एअर काढा, माल भरा आणि घाट चढा. दहा लिटरमध्ये चढाची अर्ध्या तासाहून जास्त सोय होते.

गाडी न कुरकुरता वर गेली, तर पंप निर्दोष आहे आणि दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या वाटेत आहे. याच गाडीने एकदा चढ पार केला म्हणून समाधान मानू नका. त्याच लोडवर, शक्यतो दुपारच्या उन्हात, दुसऱ्यांदा चढवा. एक खबरदारी निकाल वाचताना घ्या. कॅन पंपापेक्षा उंच असल्यामुळे डिझेल दाबाने खाली येतं, म्हणून फीड पंपाच्या इनलेटजवळ किंवा प्रायमरमधून बारीक हवा शिरत असेल तर तीही या चाचणीत लपते. अशा वेळी त्या सांध्यांवर बाहेरून डिझेलचा ओलावा दिसतो. कोरड्या फडक्याने सगळे सांधे आधी पुसून घ्या आणि वर पोचल्यावर पुन्हा बघा.

समजा दोष टाकीकडे निघाला. तुमच्या लक्षणांवरून मी सर्वात आधी टाकीतला सक्शन पाइप बाहेर काढेन. हा पाइप वरच्या फ्लँजपासून (टाकीवर बसणाऱ्या पट्टीपासून) टाकीच्या तळाजवळ जातो आणि टोकाला जाळी असते. जुन्या गाडीत पाइपला दोन ठिकाणी मार बसतो. फ्लँजपाशी ब्रेझिंगला (पितळी जोडाला) चीर जाते, किंवा मधोमध गंजून बारीक भोक पडतं. टाकी भरलेली असताना ते भोक डिझेलखाली असतं, तेव्हा पाइप भोकातूनही डिझेलच ओढतो आणि काही बिघडत नाही. पातळी भोकाखाली गेली की तो हवा ओढायला लागतो. चढावर डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला सरकतं, त्यामुळे सपाटीवर बुडालेलं भोक घाटात उघडं पडतं. रिकाम्या गाडीत ओढ कमी असल्यामुळे थोडी हवा पचून जाते. टाकी कमी असताना त्रास वाढणं, फक्त चढावर आणि फक्त लोडवर होणं, या तिन्हीचं एकत्र उत्तर देणारा दोष हाच आहे. पाइप काढून एक टोक बोटाने दाबा, तो डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवा आणि दुसऱ्या टोकाने सायकलच्या पंपाने हळू हवा द्या. जिथे बुडबुडे येतील तिथे दोष. एम-सील लावून भागवू नका, डिझेलमध्ये ते टिकत नाही. पाइप नवा घ्या किंवा नीट ब्रेझ करून घ्या, आणि ते काम पाइप टाकीपासून लांब नेऊन, पूर्ण कोरडा करूनच.

तीच वेळ जाळी बघायची. कचऱ्याचं एक वैशिष्ट्य आहे : जोरात ओढ असताना तो जाळीवर येऊन बसतो, इंजिन बंद झालं की ओढ थांबते आणि तो पुन्हा तळाशी बसतो. अर्ध्या तासाने गाडी चालू होण्याचं हे दुसरं उत्तम स्पष्टीकरण. गंजाचे पापुद्रे, फाटलेल्या प्लास्टिकचा तुकडा, जुन्या गॅस्केटचा लगदा, डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर वाढणारा काळा बुळबुळीत थर, यातलं काहीही निघू शकतं. बरेच जण पाइपमधून हवा उलटी मारून वाट मोकळी करतात. तात्पुरतं ठीक आहे, पण कचरा टाकीतच राहतो आणि आठ दिवसांत परत येतो. हवा मारायचीच असेल तर नळी फीड पंपापासून सोडवून, टाकीच्या दिशेने, झाकण उघडं ठेवून आणि कमी दाबाने मारा. टायरच्या हवेचा पूर्ण दाब फीड पंपात किंवा फिल्टरमध्ये गेला तर सील फाटतात. खरा उपाय म्हणजे टाकी उतरवून, तळाचा प्लग काढून, डिझेलनेच दोन-तीन वेळा विसळून काढणं.

टाकीतून निघालेलं डिझेल काचेच्या बरणीत अर्धा तास ठेवा. तळाशी वेगळा, पारदर्शक थर दिसला तर ते पाणी. कोकणातल्या पावसाळ्यानंतर, आणि पत्र्याच्या ड्रममध्ये साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांकडे, हे नेहमी सापडतं. वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू आठवड्यातून एकदा सैल करून पाणी काढायची सवय पंपाचं आयुष्य वाढवते.

त्यानंतर रबरी नळ्या. बाहेरून चांगली दिसणारी नळी आतून सुटलेली असते. आतला थर पापुद्र्यासारखा निघतो आणि ओढ वाढली की झडपेसारखा वाट बंद करतो. दहा वर्षांहून जुन्या नळ्या तपासत बसू नका, सगळ्या एकदम बदला. क्लिप स्क्रूच्या घ्या, तार पिळून आवळलेली नळी सक्शनला हवा घेतेच. चॅसिसच्या कडेने जाणारा लोखंडी पाइप क्लॅम्पच्या खाली घासतो आणि तिथेच गंजतो. क्लॅम्प सोडवून बघितल्याशिवाय ते दिसत नाही. सक्शन बाजूच्या गळतीला बाहेर थेंब येत नाही, कारण ती बाहेर सोडत नाही, आत ओढते. म्हणून "कुठे ओलं नाही, म्हणजे लीक नाही" हे इथे लागू पडत नाही.

बँजो बोल्टचे (डिझेलचे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर हा छोटा पण त्रासदायक भाग. तुमचा फिल्टर दोनदा बदलला गेलाय. त्या वेळी तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे वॉशर नवे घातले का, हे मिस्त्रींना विचारा. एकदा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. प्रत्येक बँजोला दोन वॉशर लागतात, डोक्याखाली एक आणि सांध्याखाली एक. फिल्टरच्या वाटीचा रबर रिंगही पिळवटून बसलेला असतो. फिल्टर ते पंप या टप्प्यात तात्पुरती पारदर्शक नळी लावली की हवेचा सोक्षमोक्ष लागतो. एअर काढून झाल्यावर, इंजिन गरम झाल्यावरही एकामागून एक बुडबुडे येत राहिले, तर हवा कुठून तरी शिरतेच आहे. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे धरू नका. ही नळी कायमची ठेवू नका, उष्णतेने ती कडक होते आणि तडकते.

कॅन लावूनही गाडी तशीच बंद पडली, तर चित्र बदलतं. आता पंप इनलाइन आहे की रोटरी ते बघा. चार नोझल पाइप वरून एका रांगेत निघत असतील तर इनलाइन, मागच्या तोंडातून गोलाकार निघत असतील तर रोटरी.

इनलाइन असेल तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह आणि त्याचा पिस्टन तपासा, मग ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. ओव्हरफ्लोची स्प्रिंग बसली किंवा बॉलखाली कचरा अडकला की पंपाच्या गॅलरीतला (आतल्या डिझेलच्या वाटेतला) दाब पडतो, डिझेल भरपूर येऊनही रिटर्नला निघून जातं, आणि गरम झाल्यावर ओढ जाते. पंप उतरवायला निघालेले अनेकजण हा एक बोल्टएवढा भाग बघतच नाहीत. काही ठिकाणी तो हरवला म्हणून साधा बँजो बोल्ट ठोकलेला असतो. फिल्टरनंतर टी (तीन तोंडांचा जोड) टाकून प्रेशर गेज लावला आणि तो चालकाला दिसेल असा ठेवला तर फार सोपं होतं. आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा : सपाटीवर सुई जिथे असते तिथून चढावर ती खाली खाली जात इंजिन मरत असेल, तर पुरवठा कमी पडतोय. सुई जागेवर आणि इंजिन मेलं, तर पंपाच्या आत किंवा पुढे बघायचं.

रोटरी असेल तर आधी सोलेनॉइड बाद करा. त्याच्या टर्मिनलवरून एक वायर घेऊन डॅशबोर्डवर १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा, दुसरं टोक बॉडीला. गाडी मरत असताना बल्ब विझला किंवा मिणमिणला, तर फ्यूज होल्डर, इग्निशन स्विच, मधले कनेक्टर आणि अर्थ बघा. बल्ब लख्ख जळत असताना गाडी मेली, तर वीज निर्दोष. अर्थ तपासायला मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि इंजिन ब्लॉकवर लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं घासा.

त्यानंतरही गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, असंच राहिलं तर रोटरी पंपाची झीज खरी असू शकते. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या हेड-रोटरमधून (दाब तयार करणाऱ्या फिरत्या भागातून) आतल्या आत गळतं. स्टार्टरच्या मंद वेगाला दाब तयारच होत नाही, म्हणून गरम असताना गाडी चालू होत नाही. पडताळणी अशी : बंद पडल्यावर पंपावर ओलं फडकं गुंडाळा, पाच-सात मिनिटांनी स्टार्टर मारा. एरवी अर्धा तास लागणारी गाडी तेवढ्यात चालू झाली, आणि हे दोन-तीनदा तसंच घडलं, तर पंप उतरवायला कारण आहे. चालू इंजिनच्या गरम पंपावर गार पाणी ओतू नका, आतले भाग इतक्या बारीक अंतराने बसवलेले असतात की पंप जाम होऊ शकतो. रॉकेल मिसळलेलं डिझेल ही झीज लवकर आणतं, कारण पंपाला वंगण डिझेलचंच असतं.

काळा धूर दिसला असेल तर हवेची बाजू घ्या. फिल्टर नवा आहे हे ठीक, पण फिल्टर ते मॅनिफोल्ड हा रबरी होज गरम झाल्यावर आत चेपतो का ते बघा. टर्बो असेल तर त्यापुढच्या होजला चीर नाही ना, हेही.

कोणाकडे याच लक्षणांचं पण कॉमन रेल इंजिनचं (सगळ्या नोझलना एका सामाईक पाइपमधून, म्हणजे रेलमधून, जास्त दाबाचं डिझेल देणारं, कॉम्प्युटरवर चालणारं) पिकअप असेल, तर टाकी ते पंप ही सगळी वाट तशीच तपासायची. फक्त कॅनची चाचणी तिथे घरी करू नये, एअर आणि कचरा दोन्ही त्या पंपाला महाग पडतात. स्कॅनर लावून चढावर रेल प्रेशरचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी शेजारी बघा. स्कॅनरवर दोषाचा कोड आला म्हणून त्या नावाचा सेन्सर बदलू नका, आधी त्याचं कनेक्टर आणि वायर हलवून बघा. आणि चालू इंजिनवर नोझलचा नट सैल करून सिलेंडर तपासायची जुनी पद्धत कॉमन रेलवर अजिबात वापरू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडीत शिरते, आणि दिसायला टाचणीएवढी असलेली जखम बोट गमवायला लावू शकते.

शेवटी पंप उतरवायचीच वेळ आली, तर पंप आणि टायमिंग प्लेट यांच्यावर पंचने खूण करून मगच बोल्ट सोडा. डिझेल लॅबमध्ये (पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये) दिल्यावर तो उघडण्याआधी आहे त्या स्थितीत टेस्ट बेंचवर लावायला सांगा. चारही आउटलेटचं डिझेल स्टार्टिंगच्या वेगाला आणि पूर्ण लोडच्या वेगाला किती येतं ते लिहून घ्या, आणि काम झाल्यावरचे तेच आकडे शेजारी लिहून मागा. आधीचेच आकडे मर्यादेत आले, तर पंप न उघडता परत आणा आणि टाकीतला पाइप पुन्हा एकदा काढून बघा.